पाणी न पिण्याची परीक्षा

त्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात माझं फार नाव झालं होतं. चौदा वर्षांची पोर, पण वजू बघा किती वेळा करते, असं बायका एकमेकींना सांगायच्या. वजू म्हणजे नमाजेआधी हातपाय, तोंड धुणं आणि चूळ भरणं. रोजा असला तरी वजू चालतो, फक्त चूळ भरताना पाणी घशाखाली उतरता कामा नये. माझं उतरत होतं. ओंजळीच्या ओंजळी उतरत होत्या, आणि इकडे लोक माझं कौतुक करत होते. एका शेजारणीने तर आपल्या मुलीला माझ्यासमोर उभं करून सांगितलं, "हिच्याकडून शिक जरा." मी खाली मान घालून उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, किती लाजाळू पोर आहे.

आमचं घर मुरुडला, मागे नारळाची वाडी. अब्बा कुवेतला एका कंपनीचं गोदाम सांभाळायचे. घरात अम्मी, मी आणि अब्बांची थोरली बहीण, म्हणजे माझी फुफी. नवरा गेल्यावर फुफी माहेरी आली ती घराची मुखत्यार होऊनच. अब्बांचा फोन यायचा तोसुद्धा आधी तिला, मग अम्मीला. अम्मीचं सगळ्यावर एकच उत्तर, "आपा म्हणतील तसं." मला त्या उत्तराचा भयंकर राग यायचा, पण विचारतो कोण?

तशी मी लहानपणापासून पूर्ण रोजे ठेवायचे, आणि त्याचा मला तोरा होता. म्हणून त्या वर्षी मला काय झालंय ते माझं मलाच कळेना. रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता, तहान सगळ्यांनाच लागत होती. पण माझी तहान वेगळी होती. घसा कोरडा पडणं वगैरे सोडाच, अख्खं अंग पाणी मागायचं, आणि तेही गारच. नळ दिसला की दुसरं काही दिसायचं नाही. सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, पोट फुगेपर्यंत पाणी प्यायचं, आणि सूर्य वर यायच्या आत ते सगळं लघवीवाटे निघून जायचं. लघवीसुद्धा नळाच्या पाण्यासारखी पांढरी स्वच्छ. हे काय गौडबंगाल आहे? पाणी आत टिकत का नाही? मला प्रश्न खूप पडायचे, पण असले प्रश्न आमच्या घरात कुणाला विचारायची सोय नव्हती.

फुफीची नजर घारीची. एका दुपारी मी मागच्या नळावर बसले होते आणि ती कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"काय गो, घसा का हलतो तुझा?"

मी ओंजळ सोडली. पाणी मांडीवर सांडलं.

"पुन्हा भर चूळ. माझ्यासमोर भर."

मी चूळ भरली. तोंडात पाणी आलं, आणि खरं सांगते, ते थुंकणं मला जमलं नाही. समोर फुफी उभी होती, वर अल्लाह बघत होता, दोघांना साक्षी ठेवून मी ते पाणी गिळलं.

"चोरटी!" फुफी म्हणाली. "रोज्यात पाणी पितेस, आणि वर नमाजी असल्याचं नाटक?"

"मला राहवत नाय, फुफी."

"सगळ्यांनाच राहवत नाय. त्यालाच रोजा म्हणतात."

बरोबरच होतं तिचं. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात बातमी गेली, आणि जी शेजारीण मुलीला माझ्याकडून शिकायला सांगत होती, तिनेच आता मुलीला माझ्याशी खेळू नको म्हणून सांगितलं. मला रडू कमी आणि संताप जास्त आला. मी खोटी नव्हते. पण ते सिद्ध कसं करायचं? तहान काढून दाखवता येते का कुणाला?

ईद झाली. आता पाणी प्यायची चोरी नव्हती, तेव्हा मी उघड प्यायला लागले, आणि मग घरच्यांचे डोळे पांढरे झाले. फ्रिजमधल्या बाटल्या भरून ठेवाव्यात तोवर रिकाम्या. शाळेला सुट्टी होती म्हणून बरं, नाहीतर तासातासाला बाहेर जायची परवानगी मागून बाईंच्या शिव्या खाल्ल्या असत्या. फुफीला वाटलं, साखर असेल. आमच्या खानदानात साखर आहेच. ती मला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने बोटाला सुई टोचली, यंत्रात बघितलं आणि म्हणाला, "साखर एकदम नॉर्मल. हिला सवय लागलीय. जितकं पाजाल तितकं मागेल. मोजून द्या पाणी."

झालं. फुफीच्या हातात कोलीतच मिळालं. स्वयंपाकघराला कुलूप लागलं. माठ आत, फ्रिज आत. न्हाणीघरात गरजेपुरतं पाणी बादलीत, तेही ती स्वतः काढून द्यायची. सकाळी एक तांब्या, दुपारी एक, संध्याकाळी एक. आता वाटतं, तिचा हेतू वाईट नव्हता. भाचीची सवय सुटावी, लग्नाच्या बाजारात नाव खराब होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात. पण तेव्हा मला ती जल्लाद वाटायची. मी सुकत चालले. ओठांना भेगा पडल्या, डोकं गरगरायचं, फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागले. एक दिवस वाडीत चक्कर येऊन पडले ती अम्मीने उचलून आणली. आणि त्या दिवशी माझी अम्मी, जिने जन्मात नणंदेपुढे तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "आपा, मी पोरीला मुंबईला नेते. तुम्ही काहीही म्हणा."

फुफी बघतच राहिली. मग म्हणाली, "मी पण येते."

मांडव्याहून बोटीने आम्ही तिघी गेटवेला उतरलो. बोटीवर सगळे लोक समुद्राचे फोटो काढत होते आणि मी पुढच्या बाकावरच्या माणसाच्या बाटलीकडे बघत होते. अम्मीने कुणाचीही पर्वा न करता मला दोन बाटल्या विकत घेऊन दिल्या. फुफीने तोंड फिरवलं.

तिथल्या मोठ्या इस्पितळात ग्रंथींच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर, आणि माझ्याहून जास्त प्रश्न विचारणाऱ्या. मला त्या पाहताक्षणी आवडल्या. उंची किती वाढली? गेल्या वर्षीचा फ्रॉक यंदा होतो का? होतो, सैलच होतो. पाळी सुरू झाली? नाही. डोकं दुखतं? कधीकधी. एवढं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी असा प्रश्न विचारला की तो मी कधीच विसरणार नाही.

"माठ बंद, फ्रिज बंद. मग तू काय प्यायचीस?"

मी फुफीकडे बघितलं. खोटं बोलावं असं वाटलं. पण त्या बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मला इतक्या दिवसांत कुणी खरं विचारलंच नव्हतं.

"वाडीत छपराची झापं विणायला झावळ्या भिजत घालतात ना, त्या डबक्यातलं," मी म्हणाले. "आणि कोंबड्यांच्या परातीतलं."

त्या डबक्याचं पाणी कसं असतं ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. नारळाच्या झावळ्या आठवडाभर कुजलेल्या, पाणी काळंतपकिरी, वर अळ्या. अम्मीने तोंडाला पदर लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसती सवय असती तर हिने ते पाणी तोंडाला लावलं नसतं. पण मला वाटून उपयोग नाही. मोजून बघावं लागेल."

मग त्यांनी परीक्षा समजावून सांगितली. सकाळपासून पाणी बंद. ठरावीक वेळाने माझं वजन करायचं, लघवी मोजायची, रक्त तपासायचं. माणूस पाणी प्यायला नाही की निरोगी शरीर आहे ते पाणी धरून ठेवतं, लघवी कमी आणि दाट होते. माझं शरीर काय करतं ते बघायचं.

"म्हणजे रोजाच की," मी म्हणाले.

"म्हण हवं तर. फक्त इथे आम्ही दर तासाला बघणार, तू कशी आहेस ते."

नर्स म्हणाली, परीक्षा संपेपर्यंत जवळ कुणीतरी बसून राहा, मुलं चोरून पाणी पितात. फुफीने खुर्ची ओढली. "त्याची काळजी नको," ती म्हणाली, "ते काम मला येतं."

अशी ती दिवसभर माझ्यासमोर बसली. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब दिवस तो, आणि सर्वांत मजेशीरही. पहिले काही तास मी कसेबसे काढले. खिडकीच्या कट्ट्यावर नर्स माझ्या लघवीच्या बाटल्या ओळीने लावत होती, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली. मी फुफीला म्हणाले, दुसरी पहिलीपेक्षा पिवळी दिसते का बघ. फुफी उठली, बाटली उजेडात धरली, नाक मुरडायचं विसरून गेली. "नाय गो. पाणीच दिसतंय." तिसरीही तशीच. चौथीही. माझी जीभ टाळूला चिकटली होती, बोलताना चट चट आवाज येत होता, वजनाचा काटा दर खेपेला खाली सरकत होता, आणि बाटल्या मात्र भरतच होत्या.

फुफी त्या बाटल्यांकडे बघत राहिली. मग तिने डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, "मॅडम, ही माझ्यासमोर बसलीय. हिच्या पोटात सकाळपासून थेंब गेलेला नाय. मग हे पाणी येतं कुठनं?"

"तिच्या अंगातलं. रक्तातलं, मांसातलं. शरीर तिचंच पाणी बाहेर फेकतंय."

फुफी आली आणि माझ्या शेजारी पलंगावरच बसली. थोड्या वेळाने माझे डोळे मिटायला लागले तेव्हा ती ओरडली, "बस करा आता! पोर मरेल माझी! द्या तिला पाणी!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. जिने मला तांब्याने मोजून पाणी दिलं, ती नर्सचा हात धरून माझ्यासाठी पाणी मागत होती. नर्स म्हणाली, आत्ताच थांबवतोय, वजन हद्दीपर्यंत उतरलंय. मला एक इंजेक्शन दिलं आणि मग घोट घोट पाणी दिलं. त्या पाण्याची चव अजून तोंडात आहे.

आणि मग चमत्कार झाला. त्या इंजेक्शननंतर लघवीची बाटली भरेनाच. भरली तेव्हा अर्धीच, आणि रंग पिवळा. चांगला पिवळाजर्द! अशी बाटली बघून टाळ्या पिटणारी मुलगी जगात मी एकटीच असेन. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबत असते, बारीकशा देठाला. तिथून मूत्रपिंडांना निरोप जातो, पाणी सांभाळा. माझा तो निरोप निघतच नव्हता. इंजेक्शनमध्ये तोच निरोप होता, तो पोचल्याबरोबर मूत्रपिंडांनी काम सुरू केलं. म्हणजे मूत्रपिंडं ठीक. बिघाड डोक्यात.

"आणि एक सांगते," त्या फुफीकडे वळून म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "हिने तुमचं ऐकलं असतं ना, तर आज ही इथे नसती. चोरून प्यायली म्हणून वाचली."

परतीच्या बोटीत फुफी माझी पाण्याची बाटली मांडीवर धरून बसली होती. मला वाटलं होतं, आता मला फार बरं वाटेल. मी खरी ठरले होते ना! पण तिचा चेहरा बघून मला नुसतंच कसंतरी झालं.

आता पुढचा प्रश्न, निरोप का निघत नाही? त्यासाठी पुढच्या खेपेला एमआरआय झाला. ढोल बडवावा तसला आवाज करणाऱ्या नळीत मी पडून राहिले. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला संगणकावर माझंच डोकं उभं कापून दाखवलं. या ग्रंथीच्या मागच्या बाजूला एक पांढरा ठिपका असतो म्हणे, माझा नव्हता. आणि तो देठ, जो बारीक असायला हवा, तो जाड झाला होता.

"कशाने?" मी विचारलं.

"आज माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मोठं माणूस मला माहीत नाही म्हणतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी शक्यता सांगितल्या. नुसती सूज असेल, क्षय असेल, किंवा एक दुर्मिळ गाठ असेल, ती या वयात आणि नेमकी याच जागी होते. रक्तात त्या गाठीच्या काही खुणा सापडतात, त्या माझ्या रक्तात नव्हत्या. देठाचा तुकडा काढून बघावा तर तो अजून फार बारीक, हात लावला तर नुकसानच व्हायचं. तेव्हा तीन महिने थांबायचं आणि पुन्हा फोटो काढायचा. मध्ये काहीही वेगळं वाटलं तर लगेच यायचं.

तोच निरोप पोचवणारा, नाकात मारायचा एक फवारा मिळाला आणि माझी तहान गेली. अशी गेली, जणू कधी नव्हतीच. घरात आनंदीआनंद. अब्बा फोनवर म्हणाले, बरी झाली ना? मग पुन्हा मशीनमध्ये कशाला घालता पोरीला? त्यात मोहल्ल्यातलं एक लग्न, अब्बांची रजा त्याच सुमाराला. सगळ्यांनी मनातल्या मनात पुन्हा फोटो काढायची तारीख पुढे ढकलून टाकली होती. मीसुद्धा.

मग पावसाळ्यात मी धडपडायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. ताटात वाढलेली भाकरी दिसायची, कडेला ठेवलेली वाटी दिसायची नाही, हात लागून कालवण सांडायचं. अम्मी म्हणायची, लक्ष कुठे असतं तुझं? एसटी स्टँडसमोर डावीकडून रिक्षा आली ती मला दिसलीच नाही, एका मावशीने दंड धरून मागे खेचलं. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, हेच तर नवल. मी एकेक डोळा झाकून बघायचे. उजवा झाकला की डावीकडचं गायब, डावा झाकला की उजवीकडचं गायब. दोन्ही कडांना कुणीतरी पडदा ओढत आणत होतं.

सांगावं की नाही? मला फार भीती वाटत होती. मोहल्ल्यात लग्न, अब्बा येणार, आणि मी पुन्हा सांगणार की मला असं होतंय, तसं होतंय. पुन्हा कुणी म्हणालं, हिची नाटकं सुरू झाली, तर? एकदा चोरटी ठरलेल्या मुलीला दुसऱ्यांदा तोंड उघडणं फार जड जातं. आंधळी होईन, पण ते शब्द पुन्हा ऐकणार नाही, असंही एकदा मनात आलं. चौदाव्या वर्षी माणूस असाच विचार करतं. शेवटी सांगितलं ते फुफीला. का, ते मलाही सांगता येणार नाही. ती मासळी साफ करत होती.

तिने हात धुतले. मला खुर्चीवर बसवलं, म्हणाली, समोर भिंतीकडे बघ, मान हलवायची नाय. मग दोन हातांत दोन चमचे घेऊन ती माझ्या मागे उभी राहिली आणि कानांच्या बाजूने ते हळूहळू पुढे आणायला लागली.

"दिसला की सांग."

मी वाट बघत बसले. भिंत दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

"आण की पुढे," मी म्हणाले.

"आणलेत," फुफी म्हणाली. चमचे माझ्या गालांच्या पुढे आले होते. मग तिने तोच खेळ अम्मीवर करून बघितला. अम्मी चमचे कानापाशी असतानाच म्हणाली, दिसले.

फुफीने कुवेतला फोन लावला. अब्बा काहीतरी समजावत असावेत, लग्न होऊ दे वगैरे. फुफीने त्यांना मध्येच तोडलं. "पोरगी म्हणते तिला दिसत नाय, म्हणजे तिला दिसत नाय. मला तिच्यापेक्षा जास्त कळतं असं एकदा वाटलं होतं, ते बास झालं."

पावसात बोटी बंद असतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, पनवेलवरून खड्डे खात आम्ही मुंबईला पोचलो. या वेळी तो देठ फुगून चिंचोक्याएवढा झाला होता आणि डोळ्यांच्या शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबत होता. आणखी थांबलो असतो तर माझे डोळे गेले असते, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

आता नाव शोधायचं होतं. रक्त तर काढलंच, पाठीच्या कण्यात सुई घालून मेंदूभोवतीचं पाणीही काढलं. त्यात दोन पदार्थ शोधतात. त्यातला एक म्हणजे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदर बाईच्या लघवीत सापडतो तोच. फुफीने "या अल्लाह!" करून छातीवर हात मारला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. अहो, काळजी करू नका, ही गाठसुद्धा तो पदार्थ बनवते, मुलगा असो की मुलगी. माझ्या पाठीच्या पाण्यात तो थोडासा होता. दुसरा पदार्थ अजिबात नव्हता, आणि तो नसणं चांगलं. पण थोड्याशावर भरवसा नको, म्हणून नाकातून दुर्बीण घालून त्या गाठीचा कणभर तुकडा काढला.

तो मी बघितला. हट्टच धरला, माझ्या डोक्यातली वस्तू, मला बघायची. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातला फोटो मागवून दाखवला. मोठ्या गोल पारदर्शक पेशी, आणि मध्ये मध्ये बारीक काळे ठिपके, भिजवलेल्या साबुदाण्यात मोहरी सांडावी तसे. देखणं दिसत होतं, खरंच. त्या मोठ्या पेशी म्हणजे बीजपेशी, ज्यांपासून पुढे बाईच्या पोटातली अंडी बनतात. बाळ आईच्या पोटात नखाएवढं असतं तेव्हा या पेशी दुसरीकडून निघून आपल्या जागी चालत जातात. काही वाटेत चुकतात. अंगाच्या मध्यरेषेवर कुठेतरी अडकतात, मेंदूतसुद्धा. बहुतेक मरून जातात, एखादी राहते आणि वर्षांनी वाढू लागते. असा अंदाज आहे, त्या म्हणाल्या, बघायला तर कुणी गेलं नव्हतं.

फुफीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कुवेतला निघाला आणि मस्कतलाच उतरून बसला."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "मी मरणार का?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, या जातीची गाठ औषधाने आणि किरणांनी विरघळते, आणि तू बरी होशील अशी मला पूर्ण आशा आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. माहीत नसताना माहीत नाही म्हणालेल्या होत्या ना त्या.

औषधं झाली, किरणं झाली. केस गेले, पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. फोटोतली गाठ दिसेनाशी झाली, चमचे पुन्हा कानापाशी दिसायला लागले. पण ती ग्रंथी काही पुरती सुधारली नाही. तिची कामं आता गोळ्या करतात, आणि त्यातली एक गोळी चुकली किंवा अंगातलं पाणी कमी पडलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रोजा नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. केस गेले तेव्हा मी रडले नव्हते, पण हे ऐकून ढसाढसा रडले. आजाऱ्याला माफी असते, रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालता येतं, हे सगळं मला माहीत होतं. तरी वाटलं, मोहल्ल्याच्या लेखी आपण कायमच्या चोरट्या.

पुढच्या रमजानमध्ये एका दुपारी मोहल्ल्यातल्या बायका आमच्या ओटीवर समोशाच्या पट्ट्या लाटायला जमल्या होत्या. सगळ्यांना रोजा. माझी गोळीची वेळ झाली तशी मी गुपचूप उठून आत निघाले. रोजेदारांसमोर खाऊ-पिऊ नये, एवढी रीत मलाही कळते. मागून ती शेजारीण म्हणाली, "यंदा पण नाय का हिला रोजा? आता तर चांगली धडधाकट दिसते."

कुणीतरी हसलं. माझे पाय तिथेच थबकले.

फुफीने लाटणं खाली ठेवलं. ती उठली, माझ्या बाजूने आत गेली आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास आणि माझी गोळी घेऊन बाहेर आली. पहाटेपासून तिच्या पोटात थेंब नव्हता, ओठ सुकून पांढरे पडले होते. तिने मला हाताला धरून बायकांच्या मधोमध बसवलं.

"हितं बस," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर पी."

"फुफी, आत जाते ना मी."

"नाय. आत कशाला?" मग ती त्या बायकांकडे वळली. "ही पोर चोर नाय. मी हिचं पाणी कुलपात ठेवलं होतं. मी हिला मारलीच होती. हिने माझं ऐकलं नाय म्हणून ही हितं बसलीय. आता बोला, कुणाला काय बोलायचंय ते."

शेजारणीने मान खाली घालून पुढची पट्टी लाटायला घेतली. काठोकाठ भरलेल्या ग्लासातलं पाणी फुफीच्या बोटांवरून ओघळत होतं. मी गोळी तोंडात टाकली आणि ग्लास घेतला. मला तहान नव्हती. गोळीवर घोटभर पुरे, तहान नसताना उगाच पाणी पिऊ नकोस म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं होतं. पण फुफी समोर उभी होती, आणि मी तो अख्खा ग्लास प्यायले.